झाकण्यापूर्वी बघून घ्या

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला. पूल जुनाट नव्हता, त्याला वीस वर्षंही झालेली नव्हती. गोव्याचा मुख्य रस्ताच तुटला आणि माणसांना पुन्हा फेरीबोटीची वाट धरावी लागली. कारण म्हणून जे पुढे आलं, ते रस्त्यावरून चालणाऱ्या कुणालाही दिसलं नसतं. पुलाच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी केबली आतल्या आत गंजल्या होत्या. ठाण्याच्या खाडीवर वाशीकडे जाणारा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला. त्याच्याही केबलींना गंजाने गाठलं. बाहेरून नव्या केबली लावून त्याला सावरावं लागलं आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं उड्डाणपूल आणि नदीवरच्या पुलांच्या कामांवर गेली. नव्याने रुजू झालेली मुलं-मुली साइटवर येतात, तेव्हा मी त्यांना या दोन पुलांबद्दल आधी सांगतो. कॉलेजातून येताना त्यांच्या डोक्यात गणितं असतात, नकाशे असतात, आणि साइट इंजिनिअर म्हणजे नकाशाबरहुकूम बांधून घेणारा माणूस अशी एक समजूत असते. ती समजूत अपुरी आहे. पाइल, म्हणजे पायाचा खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, जमिनीत जाते, तिच्या डोक्यावर पाइल कॅप येते, कॅपवर माती पडते. सळई काँक्रीटमध्ये बुडते. केबल नळीत जाते आणि नळी काँक्रीटमध्ये. रस्त्याचा प्रत्येक थर पुढच्या थराखाली गडप होतो. शेवटी लोकांना दिसतं ते डांबर, कठडा आणि रंग. म्हणून या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम एकच: जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी बघणं.

ही माझी खासगी शिकवण नाही. सार्वजनिक कामांच्या करारांत तसं कलमच असतं. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी ठेकेदाराने लेखी सूचना द्यायची, खात्याच्या माणसाने येऊन तपासायचं आणि मापं घ्यायची. सूचना न देता झाकलं, तर स्वखर्चाने उघडून दाखवायचं. कागदावर हे फार सोपं वाटतं. पंधरा मीटर खोल पाइल उघडून कशी दाखवणार, हा प्रश्न मात्र कलमात लिहिलेला नसतो.

झाकलेल्या गोष्टींची सुरुवात बांधकामाच्याही आधी होते, कारण सगळ्यात आधी झाकलेली असते ती जमीन. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर बसलेला आहे आणि आपण सहज म्हणतो, की सह्याद्रीचा काळा पत्थर, पायाला काय धोका? पण हा दगड एकजिनसी नाही. लाव्हारस एकदाच वाहिला नाही, तो थरांवर थर चढवत गेला. दोन थरांमध्ये काही वेळा जुन्या पृष्ठभागाची लाल, मऊ पट्टी सापडते. कोरडी असताना ती टणक भासते आणि पाणी लागलं की विरघळल्यासारखी सुटते. कुठे घट्ट बेसाल्ट, कुठे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा बेसाल्ट, कुठे तुकड्यांचा मिळून झालेला ब्रेशिया. एकाच पुलाच्या दोन खांबांखाली दोन वेगळ्या जमिनी असू शकतात. कोकणात आणखी निराळं. वर जांभ्याचं कडक कवच आणि त्याच्या खाली चिकट, मऊ माती.

ही जमीन वाचायची कशी? आधी भोक घेतात. मातीत असताना साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून टाकत राहतात आणि नळी ठरावीक खोली गाठायला किती टोले घेते ते मोजतात. तीस सेंटिमीटर जायला पन्नासाहून जास्त टोले लागले, की कडक थर आला असं धरतात. मग खडकात हिऱ्याच्या दातांचं पातं फिरवून दंडगोलाकार तुकडे बाहेर काढतात. हे तुकडे लाकडी खोक्यात, खोलीच्या क्रमाने, कप्प्यांमध्ये मांडून ठेवतात. ते खोकं उघडून बघणं ही मला आजही फार महत्त्वाची गोष्ट वाटते. अहवालात टक्केवारी असते: एक मीटर खणल्यावर किती लांबीचा दगड हाती आला आणि त्यात दहा सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे किती. पण खोक्यात ते दिसतं. अखंड, गुळगुळीत, हातभर लांब तुकडा हाती आला की हायसं वाटतं. मध्येच वीतभर जागा रिकामी असेल, तर तिथला दगड गेला कुठे, हे विचारायलाच हवं. बऱ्याचदा त्या रिकाम्या जागेत तीच लाल पट्टी असते आणि खोदताना पाण्याबरोबर ती वाहून गेलेली असते. ती ओळखायची तर तुकड्यांच्या टोकांना लागलेली लाली बघायची.

जमिनीचा अंदाज चुकला तर काय होतं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. सह्याद्रीच्या कातळातून नव्वदहून अधिक बोगदे खणणाऱ्या त्या प्रकल्पाला शेवटपर्यंत छळलं ते कातळाने नव्हे, मऊ मातीने. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भरलेली माती खणली की पुन्हा आत येत होती. रोहा ते ठोकूर ही सारी लांबी जानेवारी १९९८मध्ये सुरू झाली, त्याआधी अडकून राहिलेला मोठा अडथळा हाच होता. कठीण दगडाला यंत्र लागतं, मऊ जमिनीला धीर आणि नवी पद्धत लागते.

आता पाइलकडे येतो, कारण माझ्या मते झाकलेल्या कामातलं सगळ्यात अवघड काम हे आहे. मोठ्या पुलांना सहसा मीटरभर किंवा त्याहून जास्त व्यासाच्या पाइल घेतात. रिग मशीन भोक खणतं. वरच्या भुसभुशीत भागात पोलादी लायनर असतो. त्याखाली भोकाच्या बाजू ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचं द्रावण भरून ठेवतात. पाण्यापेक्षा थोडं जड असलेलं हे द्रावण बाजूंना रेटून धरतं. ठरलेल्या खडकात ठरलेली खोली गाठली की सळयांचा पिंजरा खाली सोडतात आणि काँक्रीट भरतात. काँक्रीट मात्र वरून ओतायचं नसतं. द्रावणातून पडलं तर सिमेंट, वाळू आणि खडी वेगवेगळी होऊन बसतील. त्यासाठी ट्रेमी नावाचा पाइप तळापर्यंत सोडतात. काँक्रीट त्यातून तळाशी जातं, तिथून वर चढत येतं आणि हलकं द्रावण वर ढकलत बाहेर काढतं. पाइपचं तोंड सतत ताज्या काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेलं राहिलं पाहिजे. पाइप घाईने वर ओढला आणि तोंड काँक्रीटच्या बाहेर आलं, तर चिखल आत शिरतो आणि पाइलचे दोन तुकडे होतात. बाहेरून काहीच कळत नाही.

यातला खरा कसोटीचा क्षण काँक्रीट सुरू होण्याच्या जरा आधी येतो. भोकाच्या तळाशी खणलेला गाळ साचलेला असतो. तो धुऊन काढायचा असतो. गाळ राहिला तर पाइल खडकावर न टेकता गाळाच्या गादीवर टेकते आणि पुढे भार आल्यावर खचते. तळ साफ झाला की नाही, हे कळायला दोरीसारख्या मापाच्या टेपला वजन बांधून खाली सोडतात. हे वजन हातानेच सोडायचं. साफ खडकावर ते पडलं की टेपमधून हाताला टणक धक्का जाणवतो आणि उचलताना ते लगेच सुटतं. गाळ असेल तर धक्का बोथट येतो आणि वजन वर घेताना किंचित चिकटून येतं. खोलीच्या आकड्यातही फरक पडतो: खोदून झाल्यावरची खोली आणि धुतल्यानंतरची खोली ताडून बघायची. रात्रीचे अडीच वाजलेले असतात, काँक्रीटच्या तीन गाड्या फाटकात उभ्या असतात, माल घट्ट होत चाललेला असतो आणि सगळे इंजिनिअरच्या तोंडाकडे बघत असतात. अशा वेळी “अजून एकदा धुवा” म्हणणं, हे या नोकरीतलं कौशल्य आहे. ते कुठल्याही पुस्तकात नाही, पण पुलाचं आयुष्य त्यावर टिकतं.

भरून झालेल्या पाइलचं डोकं नेहमी ठरलेल्या पातळीच्या वर घेतात, कारण वर चढत आलेल्या पहिल्या काँक्रीटमध्ये गाळ आणि द्रावण मिसळलेलं असतं. नंतर ते कमकुवत डोकं फोडून टाकतात आणि निखळ काँक्रीट लागेपर्यंत खाली जातात. इथेही मोह होतो. फोडण्याचं काम कंटाळवाणं असतं, धूळ उडते आणि मुकादमाला वाटतं, “आलं की साहेब, एवढं बास.” पण घाव मारल्यावर काँक्रीट खणखणीत वाजलं पाहिजे, खडी फुटली पाहिजे, नुसती निखळून येता कामा नये. डोकं तयार झालं की त्यावर छोट्या हातोडीने टोला मारून परत येणाऱ्या लहरींवरून पाइल अखंड आहे का, ते बघतात. निवडक पाइलवर प्रत्यक्ष भार देऊन त्या किती खचतात, तेही मोजतात. या चाचण्या उपयोगी आहेत, पण रात्री अडीचला सोडलेल्या त्या वजनाची जागा त्या घेऊ शकत नाहीत. चाचणीत दोष कळतो, तोवर दोष होऊन गेलेला असतो.

जमिनीच्या वर आलं, की लढाई पाण्याशी आणि हवेशी सुरू होते. काँक्रीटच्या आत सळई गंजत नाही, कारण ताजं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं आणि पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरून ही अल्कता मारतो. समुद्राजवळ मिठातले क्लोराइड शिरतात आणि संरक्षक थर भेदतात. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ पोलादापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. आतून दाब येतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर जाते, मग कवच सुटून पडतं. जुन्या पुलांच्या आणि इमारतींच्या तळाला उघड्या पडलेल्या तपकिरी सळया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

या सगळ्याला थोपवणारी गोष्ट म्हणजे कव्हर, सळईच्या बाहेरचं काँक्रीटचं जाड आवरण. भारतीय मानक आयएस ४५६ सौम्य परिस्थितीत २० मिलिमीटर, कठोर परिस्थितीत ४५ आणि अत्यंत टोकाच्या परिस्थितीत ७५ मिलिमीटर कव्हर मागतं. काही मिलिमीटरचा हा हिशेब म्हणजे दशकांचा हिशेब असतो, कारण हानिकारक घटक आत शिरण्याचा वेग खोलीबरोबर मंदावतो. कव्हर निम्मं झालं, तर गंज पोचायचा काळ निम्म्याहून खूप कमी होतो. आणि हे कव्हर जातं कशाने? सळयांच्या खाली ठेवलेले काँक्रीटचे कव्हर ब्लॉक काम करता करता सरकल्याने. स्लॅबवर बांधलेल्या जाळीवरून माणसं पाय देत फिरल्याने. बांधणाऱ्याने तार पिळून तिचं टोक बाहेरच्या बाजूला वळवल्याने, कारण तारेचं टोक पृष्ठभागापर्यंत पोचलं की गंजाला तिथूनच आत यायची वाट मिळते. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन शटरिंगवर वाकून, जाळीच्या खालून आडवा प्रकाश टाकून बघितलं, तर हे तीनही दोष स्वच्छ दिसतात. उभं राहून वरून बघितलं तर एकही दिसत नाही.

लोखंड बांधणारी मुलं बहुधा बंगाल, बिहार, झारखंडकडची असतात. त्यांच्या हातात मोठी कला असते. रिंगांमधलं अंतर ते बोटांनी मोजतात आणि ते चुकत नाही. त्यांना नुसतं “कव्हर पन्नास” सांगून भागत नाही. ते का लागतं, हे एकदा गंजलेल्या स्लॅबचा तुकडा दाखवून सांगितलं, की पुढे बहुतेक ते स्वतःहून ब्लॉक लावतात. कामगाराला कारण सांगणं वेळेचा अपव्यय आहे, असं मानणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझं मत याच्या अगदी उलट आहे.

काँक्रीटचं तर एकच दुखणं सांगतो: पाणी. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. बाकीचं पाणी माल वाहता राहावा म्हणून घातलेलं असतं, आणि नंतर ते उडून गेलं की मागे बारीक छिद्रं उरतात. त्या छिद्रांतून क्लोराइड आणि हवा आत जाते. म्हणून कठोर परिस्थितीत पाणी आणि सिमेंटचं गुणोत्तर ०.४५च्या वर जाऊ द्यायचं नाही, असं मानक सांगतं. प्लँटमध्ये हे प्रमाण नीट पाळलेलं असतं. अडचण रस्त्यात येते. वाहतुकीत गाडी अडकते, ऊन असतं, माल घट्ट होतो. साइटवर आल्यावर ड्रायव्हर हळूच विचारतो, “साहेब, दोन बादल्या मारू का? पंप घेत नाही हो.” त्या दोन बादल्यांनी माल सुंदर वाहतो, सगळ्यांचं काम हलकं होतं आणि पुलाचं आयुष्य कमी होतं. उत्तर एकच: पाणी नाही. प्लँटने दिलेलं रसायन ठरल्या प्रमाणात घालून मिक्सर पुन्हा फिरवा, जमत नसेल तर गाडी परत.

माल कसा आहे ते बघायला स्लम्पची चाचणी आहे. तीस सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात थर देत काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईने पंचवीस वेळा कोचायचं, शंकू उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचं. पाच मिनिटांत होणारी ही चाचणी गाडीत कुणी पाणी मारलं की नाही, याचा पुरेसा अंदाज देते. मात्र प्रत्येक गाडीची करायला हवी. पहिल्या गाडीची करून बाकीच्या सोडल्या तर तिचा काही उपयोग नाही.

मग क्यूब. पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे, एका नमुन्याचे तीन, पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात चेपून फोडायचे. आयएस ४५६प्रमाणे पाच घनमीटरपर्यंत एक नमुना, पुढे मालाच्या प्रमाणात नमुने वाढत जातात. लोक, आणि काही वेळा इंजिनिअरही, क्यूबचा निकाल म्हणजे पुलाचा निकाल समजतात. तसं नाही. क्यूब सांगतो, की प्लँटमधून आलेला माल कसा होता. तो खांबात भरताना व्हायब्रेटर नीट फिरवला का, कोपऱ्यात खडी उघडी राहिली का, नंतर पाणी मारलं का, यातलं क्यूबला काहीच माहीत नसतं, कारण तो स्वतः अठ्ठावीस दिवस टाकीत बुडालेला असतो. खांब मात्र चैत्रातल्या उन्हात उभा असतो.

म्हणून क्युरिंग. मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किंवा उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. हे काम कुणाच्या नावावर नसतं. स्लॅब भरण्याचे फोटो निघतात, पाणी मारण्याचे निघत नाहीत. रविवारी टँकर आला नाही तर सोमवारी कुणी विचारत नाही. भिजलेलं गोणपाट खांबाला नुसतं गुंडाळून भागत नाही, कारण दुपारी ते तासाभरात वाळतं. साइटवर फिरताना मी गोणपाट हाताने दाबून बघतो. पाणी निथळलं पाहिजे. ते निथळत नसेल, तर त्या खांबाचा बाहेरचा काही सेंटिमीटर भाग, म्हणजे नेमकं कव्हर, कच्चा राहणार हे निश्चित. आतलं काँक्रीट स्वतःचं पाणी धरून ठेवतं, बाहेरचं वाळून जातं. ज्या भागाने सळईला वाचवायचं, तोच भाग आपण सगळ्यात दुबळा करून ठेवतो.

आता मांडवीच्या केबलींकडे परत जाऊ. लांब गाळ्यांचा पूल काँक्रीटने एकट्याने पेलत नाही, कारण काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. मग आधीच दाब देऊन ठेवतात. लाकडी चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवली, की थंड होताना ती आवळते आणि चाकाचे सगळे सांधे दाबून धरते, तसंच हे. गर्डरच्या काँक्रीटमध्ये नळ्या ठेवायच्या, त्यांत उच्च ताकदीच्या तारांच्या केबली ओवायच्या, काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की जॅकने केबली खेचायच्या आणि टोकं घट्ट अडकवायची. खेचताना जॅकचा दाब आणि केबलची वाढलेली लांबी, दोन्ही मोजतात. मिलिमीटरमध्ये मोजलेली लांबी हिशेबाच्या लांबीशी पाच टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. दाब पुरेसा आणि लांबी कमी आली, तर केबल आत कुठेतरी अडकली आहे. लांबी जास्त आली, तर तार तुटली किंवा सरकली असावी. अशा वेळी थांबून कारण शोधायचं असतं, दाब वाढवून आकडा जुळवायचा नसतो.

आणि मग ग्राउट. खेचलेल्या केबलीभोवती नळीत पोकळी असते. सिमेंटचं दाट मिश्रण दाबाने त्यात भरायचं, दुसऱ्या टोकातून तसंच दाट मिश्रण बाहेर येईपर्यंत. हे काम साधं दिसतं, कुणाला त्यात गौरव वाटत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. पोकळी राहिली तर त्यात पाणी आणि हवा शिरते. खूप ताणाखाली असलेली बारीक तार साध्या सळईपेक्षा गंजाला फार लवकर बळी पडते, आणि तिच्या तुटण्याची आगाऊ सूचना क्वचितच मिळते. साध्या सळईचा स्लॅब आधी चिरा दाखवतो, वाकतो. असा आधीच दाब दिलेला, म्हणजे प्रीस्ट्रेस्ड, पूल बराच काळ तसाच दिसत राहतो. केबल खेचणं आणि ग्राउट करणं यांच्यात जितके दिवस जातात, तितकी केबल उघडी असते, म्हणूनच त्यांच्यातलं अंतर करारात मर्यादित केलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर “ग्राउट दिवाळीनंतर करू” असं म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला नकार द्यायची हिंमत पाहिजे.

रस्त्याबद्दल फार लांबवत नाही. तिथेही सूत्र तेच. १९३३ साली अमेरिकेतल्या राल्फ प्रॉक्टर यांनी मातीत ठरावीक पाणी असताना ती सगळ्यात घट्ट बसते हे मोजून दाखवलं, आणि आजही प्रत्येक भरावाची परीक्षा त्याच आधारावर होते. रस्त्याखालच्या अंतिम मातीचा थर प्रयोगशाळेतल्या घट्टपणाच्या ९७ टक्के तरी झाला पाहिजे. थर जाड घातला तर वरचा भाग दबतो, खालचा सैल राहतो. पुलावर चढताना गाडीला जो हादरा बसतो, त्याचं कारणही यातच आहे. पुलाचा शेवटचा खांब पाइलवर उभा असल्याने खचत नाही, त्यामागचा भराव मात्र वर्षानुवर्षं खचत राहतो. दोघांच्या मध्ये उतार देणारी अॅप्रोच स्लॅब टाकतात, पण खालचा भराव मुळात नीट दाबलेला नसेल, तर ती स्लॅब फार काळ पुरत नाही.

या सगळ्याची नोंद कागदावर होते. काँक्रीट भरण्यापूर्वी पोअर कार्ड, त्यावर ठेकेदाराच्या, सल्लागाराच्या आणि खात्याच्या इंजिनिअरची सही. मापं एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत. तिची पानं क्रमांकित असतात, खोडाखोड चालत नाही, चुकलेला आकडा रेघ मारून सहीनिशी दुरुस्त करावा लागतो. ठेकेदाराचं बिल या मापांवर निघतं, म्हणून पुस्तिकेला ऑफिसात मान असतो. पण तिचा खरा उपयोग वीस वर्षांनी होतो. पुलाखाली तडा दिसला, की त्या खांबाच्या पाइल कुठपर्यंत गेल्या होत्या, त्या रात्री किती काँक्रीट लागलं, हिशेबाच्या काँक्रीटपेक्षा कमी तर लागलं नव्हतं ना, हे फक्त त्या नोंदीतच सापडतं. जागेवर न जाता ऑफिसात बसून केलेली सही त्या वेळी सगळ्यांना गोत्यात आणते. ज्याने सही केली तो सेवानिवृत्त झालेला असतो, पूल मात्र तिथेच असतो.

वापरातल्या पुलाचाही काही भाग झाकलेला असतो, आणि तो पाण्याखाली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल महापुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली, माणसं दगावली. वर्षाच्या आत तिथे नवा पूल झाला. पूर आलेली नदी खांबांच्या पायाशी माती उकरते, याला इंजिनिअर स्कावर म्हणतात. पाणी ओसरलं की त्या खड्ड्यात गाळ येऊन पुन्हा भरतो आणि पाया धड असल्यासारखा दिसतो. म्हणून पुलाची पाहणी रस्त्यावरून करून उपयोग नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खाली उतरून, पायथ्याशी जाऊन ती व्हायला हवी.

वाचकांपाशी माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा पूल एकदा खालून बघा. पावसाचं पाणी पाइपने खाली येतं आहे, की सांध्यातून गर्डरवर गळतं आहे? गर्डरच्या तळाला तपकिरी ओघळ, पांढरे डाग, उघडी पडलेली सळई दिसते का? खांबाच्या माथ्यावर, गर्डर टेकतो तिथे, झाडं उगवली आहेत का? यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. दिसलं तर फोटो काढा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा तुमच्या महापालिकेच्या पूल विभागाला लेखी कळवा, त्याची पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते; लेखी आलेलं पत्र फाइलमध्ये राहतं आणि त्यावर कुणाला तरी सही करून उत्तर द्यावं लागतं.